ओहोटीची शर्यत

मध्यंतरी एक गृहस्थ गावाचा इतिहास लिहायला निघाले होते. आमच्या गावात दर वर्षी धावण्याची जी शर्यत व्हायची, तिची माहिती घ्यायला ते माझ्याकडे आले, शर्यत सुरू करणाऱ्याची मुलगी म्हणून. मी त्यांना चहा दिला, आबांचा फोटो दाखवला आणि सगळ्यांना ठाऊक असतं तेवढंच सांगितलं. उरलेलं सांगायला लागले असते तर त्यांनी मधेच 'असं कसं, मास्तर तर देवमाणूस' म्हटलं असतं, आणि ते ऐकून घ्यायचं माझं वय आता राहिलेलं नाही. म्हणून ते इथे लिहिते आहे.

आबा म्हणजे माझे वडील. शाळेत कवायत शिकवायचे. शाळा सुटली की तालमीत, आणि तालीम नसेल तेव्हा कुणाच्या तरी ओटीवर बसून गावातल्या पोरांच्या छात्या किती खोल गेल्यात यावर बोलत. मी सहा-सात वर्षांची असेन, म्हणजे सन वीस उलटून थोडी वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात परदेशातल्या कुठल्याशा लांब पल्ल्याच्या शर्यतीबद्दल वाचलं. मॅरेथॉन हा शब्द त्यांना इतका आवडला की महिनाभर आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. गावाच्या तोंडी मात्र तो शब्द बसला नाही. गाव तिला ओहोटीची शर्यत म्हणायचं, आणि ते नाव जास्त खरं होतं.

तेव्हा गाडीरस्ता म्हणजे खडी आणि फुफाटा. आबा म्हणाले, देवानं एवढी सपाट वाळू दिलेली असताना आपण दगडांतून कशाला धावायचं. गावच्या किनाऱ्यावरून निघायचं, थळ गाव मागे टाकून उत्तरेकडे जायचं, पार किहीमच्या पुढे एका देवळाच्या दीपमाळेला हात लावायचा आणि आल्या वाटेनं परत. अडचण एकच होती. वाटेत एक खाडी समुद्राला मिळत होती आणि ती पुऱ्या ओहोटीलाच पायी ओलांडता यायची. म्हणून शर्यतीचा दिवस ठरला माघी पौर्णिमेनंतरची द्वितीया. पौर्णिमेच्या आसपास पाणी लांब जातं आणि त्या तिथीला पुरी ओहोटी सकाळी, ऊन पडता पडता होते. तिथी तीच असली की ओहोटीची वेळही तीच, त्यामुळे इंग्रजी तारीख बदलली तरी बिघडत नसे. यात आबांची काही विशेष हुशारी नव्हती. आमच्या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि पुढे जे झालं ते हे सगळ्यांना कळत असताना झालं.

पहिल्या वर्षी कोळीवाड्यातली आणि आसपासची मिळून ओंजळभर पोरं धावली. मग दर वर्षी ती वाढत गेली. मिठागरावर काम करणारे यायचे, मोहल्ल्यातले यायचे, आणि आत डोंगराच्या पायथ्याशी भातशेती करणाऱ्या गावांमधून तगडी, लाजरी मुलं यायची. ही आतल्या गावांतली मुलं आदल्या दिवशीच चालत येऊन आमच्या पडवीत मुक्काम करायची. आई आणि मी त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या भाजायचो, सुकटीची चटणी करायचो. आई कुरकुरायची की यांच्या शर्यती आणि आमच्या कमरा, पण भाकरी कमी पडू द्यायची नाही. सकाळी मोहल्ल्यातून सरबताच्या घागरी यायच्या. जिंकणाऱ्याला नारळ आणि फेटा, आणि आबांचं भाषण सगळ्यांना. त्या भाषणात आबा पहिल्या वर्षापासूनचा इतिहास सांगायचे, कोणत्या वर्षी कोण जिंकला, कोणाच्या पायात शिंपला घुसला, कोण रडला. लोक त्या भाषणाची चेष्टा करायचे आणि त्यासाठी थांबायचेही.

माझा दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मामाच्या नारळाच्या वाडीत तो शिंपणाचं काम बघायचा. मिसरूड फुटल्यापासून तो शर्यतीत धावत होता आणि एकदा तिसरा, मग दोनदा दुसरा आला होता. आबा त्याला शिकवायचे तसंच, जसं दुसऱ्याच्या मुलाला शिकवतील. दुसरा आला तेव्हा त्याची पाठही थोपटली नाही. घरच्या मुलाचं चारचौघांत कौतुक करणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. 'बरं दिसत नाही' हे आबांचं लाडकं वाक्य होतं. त्या वाक्यानं त्यांनी तालीम चालवली, शाळा चालवली आणि आम्हालाही चालवलं. दादाला बक्षिसाची फार पर्वा नव्हती. आबांनी एकदा लोकांसमोर आपल्याबद्दल काही चांगलं बोलावं, एवढीच त्याची हाव होती आणि ती तो माझ्यापासूनही लपवायचा.

सन तीसनंतरचं एक वर्ष. त्या वर्षी आबांनी मुंबईच्या एका शेठना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. शेठ मूळचे आमच्याच बाजूचे, मुंबईत मोठी पेढी असलेले. ते जिंकणाऱ्याला चांदीची ढाल देणार होते आणि शर्यतही त्यांच्याच हातानं सुटणार होती. आबांनी किनाऱ्यावर कनात उभारली, खुर्च्या मागून आणल्या. शेठ पहाटेच्या लाँचनं मुंबईहून निघून रेवसला उतरतील आणि तिथून मोटारीनं येतील असं ठरलं होतं.

आता हे वाचताना आमच्या बाजूचा कोणीही कपाळाला हात लावेल. पुरी ओहोटी असताना रेवसच्या धक्क्याला लाँच लागत नाही. पाणी आत जातं, चिखल उघडा पडतो आणि लाँच लांब उभी राहते. धावणाऱ्यांसाठी आबांनी दहा वर्षं ओहोटी बघितली होती आणि पाहुण्यांसाठी तीच ओहोटी बघायची राहून गेली. तालमीतल्या कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. सगळे फुलांच्या हारात आणि खुर्च्यांत गुंतले होते.

सकाळी किनारा माणसांनी भरला. पाणी दूर गेलेलं, ओली वाळू चकचकीत, धावायला यापेक्षा चांगली वेळ नाही. पोरं धोतरं वर खोचून रांगेत उभी राहिली. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. थोड्या वेळानं कोणीतरी सायकलवरून निरोप आणला की लाँच धक्क्याबाहेर उभी आहे, पाणी चढलं की शेठ उतरतील. म्हणजे ज्या पाण्याच्या आधी पोरांनी परत यायला हवं होतं, त्याच पाण्याची वाट बघत शेठ बसले होते.

सगळ्यांना कळलं. मी बायकांत उभी होते, मलाही कळलं. म्हातारे कोळी समुद्राकडे बघायचे, मग आबांकडे बघायचे आणि विडी पेटवायचे. एकानं आबांना हळूच सुचवलं की सोडून देऊ या, शेठ येतील तेव्हा बक्षीस देतील. आबा म्हणाले, एवढ्या लांबून माणूस येतोय, त्याच्याशिवाय सुरू केलं तर बरं दिसत नाही. सुचवणारा मागे सरून आपल्या जागी जाऊन बसला. मास्तरांचा शब्द मोडणं लोकांनाही बरं दिसलं नसावं.

शेठ आले तेव्हा ऊन चांगलंच चटकायला लागलं होतं. हार झाले, ओळख झाली, शेठ दोन शब्द बोलले. मग त्यांनी रुमाल हलवला आणि पोरं सुटली. पाणी तोवर निम्मी वाळू खाऊन वर आलं होतं.

आम्ही वाट बघत बसलो. एरवी पहिला माणूस जेवढ्या वेळात परत दिसायचा तेवढा वेळ उलटून गेला. बऱ्याच वेळानं एक जण दिसला, चालत-धावत, नखशिखांत भिजलेला. कोळीवाड्यातला पोहण्यात पट्टीचा मुलगा होता तो. त्याच्यामागे किनारा रिकामा. आबांनी त्याला विचारलं, बाकीचे कुठे? तो म्हणाला की खाडीच्या पलीकडे बसलेत. मास्तरांचा मुलगा पहिला होता, पण तो पाण्याजवळ येऊन खाली बसला आणि त्याच्यामागून आलेले सगळे बसले. 'तो मना म्हनाला, तुला पवता येतंय, तू जा,' एवढं सांगून तो सरबत प्यायला गेला.

शेठना परत जायची घाई होती, म्हणून बक्षीस समारंभ तसाच उरकला. ढाल देताना शेठ हसत म्हणाले, "कमाल आहे. समुद्रकाठची पोरं आणि पाण्याला भ्याली?"

लोक हसले. पाहुणा विनोद करतो तेव्हा हसतात तसे. आबाही हसले. मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून सांगते, ते नुसते हसले नाहीत, त्यांनी मानही हलवली.

बाकीची पोरं दुपार कलल्यावर आतल्या रस्त्यानं मोठा वळसा घालून आली. तोवर किनाऱ्यावर कनातीचे बांबू तेवढे होते. आतल्या गावांतली मुलं आमच्या घरी न येता परस्पर आपल्या वाटेनं गेली. दादा घरी आला, पाय धुतले आणि आबांसमोर जाऊन उभा राहिला. त्यानं सगळं नीट सांगितलं. जातानाच पाणी गुडघ्याच्या वर होतं. येताना छातीला लागत होतं आणि आत ओढ होती. तो स्वतः सहज पोहून आला असता. पण मागे आतल्या गावांची पोरं होती, त्यांना पोहता येत नव्हतं, आणि चांदीच्या ढालीपायी ती त्याच्यामागोमाग पाण्यात शिरली असती. पुढचा उतरला की मागचा उतरतो. म्हणून तो बसला आणि त्यांनाही बसवलं.

आबा ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते "बरं" म्हणाले आणि जेवायला बसले.

दादाला वाटलं, आता आबा गावात हे सांगतील. शेठसमोर हसले ते पाहुण्यांच्या मानासाठी, आता खरं कळलंय तर सांगतील. पण आठवडा गेला, महिना गेला. गावात गोष्ट पसरली ती वेगळीच. मास्तरांचा मुलगा पहिला होता आणि पाणी बघून मटकन खाली बसला. नाक्यावरची पोरं त्याला बसक्या म्हणायला लागली. तो वाडीत जायला निघाला की कोणीतरी मुद्दाम रस्त्यात उकिडवं बसायचं. ज्यांना त्यानं अडवलं, त्या पोरांनी तरी खरं सांगावं की नाही? पण समुद्रकाठच्या गावात येऊन आपल्याला पोहता येत नाही हे कोण कबूल करतो. उलट त्यांच्यातला एक बाजारात म्हणत होता म्हणे, मास्तरांच्या पोरानं बसवलं म्हणून बसलो, नाहीतर ढाल माझीच होती.

मी दादाला म्हटलं, तू स्वतःच सांग ना चार लोकांना. तो म्हणाला, "मी सांगितलं तर ती आबांची तक्रार होईल. ते आबांनीच सांगायला हवं."

त्याचं बरोबर होतं. शर्यत उशिरा सुटली म्हणून पाणी वाढलं, आणि उशिरा सुटली ती आबांमुळे. दादाचं शहाणपण सांगायचं तर आबांची चूक सांगितल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं. हे मला तेव्हा कळत होतं आणि रागही येत होता, पण आबांवर रागावण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

पुढच्या माघात पुन्हा शर्यत झाली. पाहुणे बोलावले नव्हते, पोरं वेळेवर सुटली, वेळेवर परत आली. दादानं नाव दिलं नाही. तो घरीच थांबला. आबांच्या भाषणाला मी मुद्दाम पुढे जाऊन बसले. इतिहास सांगत सांगत आबा गेल्या वर्षावर आले आणि म्हणाले, "गेल्या वर्षी काही धावपटूंचा धीर सुटला. एकच जण पोचला. पण शर्यतीत असं व्हायचंच." आणि ते पुढे गेले.

मी घरी आले. दादा पडवीत दोरी वळत बसला होता. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा दोरी वळायला लागला. त्याच उन्हाळ्यात त्याच्यासाठी आलेलं एक स्थळ परत गेलं. मुलीचे काका बंदरावर कोणाशी तरी बोलले होते. आई त्यावर आबांना एकदाच म्हणाली की आता तरी बोला. आबा उठून तालमीत गेले.

पावसाळ्यानंतर दादा मुंबईला गेला आणि गोदीत कामाला लागला. तिथे हमालांच्या गर्दीत एका खोलीत दहा-बारा जण राहायचे. वर्ष-दीड वर्षानं शिमग्याला आला तेव्हा खोकत होता. पुढच्या खेपेला तो आला तो कायमचाच. तेव्हा क्षयाला औषध म्हणजे हवापालट आणि अंडी. हवा आमच्याकडे भरपूर होती. आईनं त्याचं अंथरूण समुद्राच्या बाजूच्या खोलीत घातलं.

तो एका गोष्टीवर अडून होता, आणि ते आठवलं की अजून माझा जीव तुटतो. त्याला वाटायचं, आबांना त्या दिवशी नीट समजलंच नव्हतं. उन्हात उभे राहून दमले होते, शेठच्या गडबडीत होते, आपण सगळं घाईघाईनं सांगितलं. तो मला म्हणायचा, "आबा खोटे नाहीत गं. समजलं की सांगतील." मी होला हो म्हणत असे. दुसरं काय म्हणणार होते.

त्या वर्षीच्या शर्यतीच्या सकाळी मी आबांना एकटं गाठलं. ते फेट्याच्या घड्या करत होते. मी त्यांना म्हटलं की दादा काही पुढचा माघ बघत नाही. आज बोला. त्याला ऐकायला जाता येणार नाही, पण मी येऊन सांगेन. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघू, म्हणाले.

मी नेहमीसारखी पुढे बसले. आबा थकले होते, आवाज पूर्वीसारखा लांब जात नव्हता. पहिल्या वर्षापासून ते एकेक वर्ष घेत आले. ते वर्ष आलं. ते थांबले. त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं, घोट घेतला, तांब्या खाली ठेवला. लोक माना वर करून बघायला लागले होते, कारण मास्तर असे कधी थांबत नसत. मग आबांनी घसा साफ केला आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोण जिंकलं ते सांगायला लागले.

घरी आले तेव्हा दादा उशाला टेकून बसला होता. आईनं त्याचे केस विंचरले होते. त्यानं विचारलं, यंदा किती जण धावले? मी सांगितलं. त्यानं विचारलं, पहिला कोण? तेही सांगितलं. मग तो म्हणाला की जरा पडतो, आणि भिंतीकडे तोंड करून निजला. वैशाखात तो गेला.

बाराव्यानंतर एक दिवस आतल्या एका गावाहून एक माणूस आला. चांगला संसारी शेतकरी दिसत होता, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. मी त्याला ओळखलं नाही. आई आणि मी माजघरात होतो, आबा ओटीवर. मी चहा नेऊन ठेवला आणि दारातच थांबले. त्यानं गाठोडं आबांसमोर ठेवलं आणि म्हणाला, "मास्तर, मी त्या दिवशी त्याच्यामागं होतो. मना पवता येत नव्हता. आमच्यातल्या कुनालाच येत नव्हता. तो उतरला असता त आमी सगले उतरलो असतो. हे मी तवाच येऊन सांगाया पायजे होतं."

मला वाटलं, आबा रडतील. मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मला माहीत आहे. त्यानं सांगितलं त्याच दिवशी कळलं होतं. पण ते बोलायचं तर उशीर कोणी केला तेही बोलावं लागलं असतं."

त्या माणसानं चहाची कपबशी तशीच बाजूला सारली. उठला, माजघराच्या दाराशी येऊन आईच्या पाया पडला आणि आबांचा निरोप न घेता चालता झाला. आईनं सगळं ऐकलं होतं. तिनं आबांना एवढंच सांगितलं की यापुढे या घरात शर्यतीचं नाव निघालं तर मी माहेरी जाईन. त्या वयात तिला माहेर कुठलं उरलं होतं, पण आबांनी पुन्हा नाव काढलं नाही. पुढच्या माघात द्वितीयेला किनारा रिकामाच राहिला. गावात सगळे हळहळले, की पोटच्या पोराच्या दुःखानं मास्तरांनी शर्यत बंद केली, केवढं त्यांचं मन. कोणी तसं तोंडावर म्हटलं की आबा खाली बघायचे आणि त्याला तसंच समजू द्यायचे.